वीज तोडणाऱ्या यंत्राची परीक्षा



वसंत व्याख्यानमालेत मी कारखान्यातल्या ब्रेकरवर बोलणार असे कळविले, तेव्हा व्यवस्थापक मंडळींनी मला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, धर्म, वाङ्मय आणि राजकारण ह्यांवर बोलण्याचा प्रघात आहे. लोखंडी कपाटात बसविलेल्या एका यंत्राला तिथे सहसा जागा मिळत नाही.

पण आपल्या जव्हार-मोखाड्याची स्थिती पाहा. दिवाळी झाली, नागली-वरई घरात आली, की वांगणीसारख्या गावांतून माणसे पोटासाठी खाली उतरतात. पूर्वी ती वीटभट्टीवर आणि रेतीवर जात, आजही जातात. परंतु आता त्यांची आय. टी. आय. झालेली मुले तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत जातात, वाड्याच्या लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्यांवर जातात, भिवंडीच्या गोदामांत जातात, नाहीतर मोखाड्यावरून घाट चढून नाशिकच्या सातपूर-अंबडला जातात. ह्या सर्व ठिकाणी आवाराच्या एका कोपऱ्यात एक खोली असते. तिच्या दारावर कवटी आणि दोन हाडे काढलेली पाटी असते. आपला मुलगा वायरमनचा मदतनीस म्हणून त्या खोलीत झाडू मारतो, पाळीला उभा राहतो, आणि कोणी सांगितले की मूठ फिरवितो. त्या मुठीमागे काय आहे हे त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते. मी ते सांगावयास आलो आहे. मी इंजिनिअर नाही. जे कळले ते मिस्त्रींजवळ बसून, पुस्तके चाळून आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे लढताना कळले.

प्रथम विजेच्या दाबाविषयी. घरात २३० व्होल्टची वीज येते आणि पिठाच्या गिरणीला साधारण ४०० व्होल्टची. मोठ्या कारखान्याला, इस्पितळाला किंवा बाजारपेठेच्या इमारतीला एवढ्याने भागत नाही. त्यांना आपल्याकडे ११, २२ किंवा ३३ हजार व्होल्टने वीज दिली जाते, आणि आवारातला ट्रान्सफॉर्मर ती खाली उतरवितो. जगभरचे इंजिनिअर ह्या पट्ट्याला मध्यम दाब म्हणतात. आपल्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांत मात्र मध्यम दाब म्हणजे ६५० व्होल्टपर्यंतचा, आणि त्यावर ३३ हजारांपर्यंतचा तो उच्च दाब. म्हणून वीज कंपनीच्या बिलावर ‘उच्चदाब ग्राहक’ असे लिहिलेले असते, आणि यंत्र बनविणाऱ्याच्या पुस्तकात त्याच यंत्राला ‘मध्यम दाबाचा ब्रेकर’ म्हटलेले असते. नावावरून गोंधळू नये, आणि ‘मध्यम’ ह्या शब्दाने निर्धास्त तर मुळीच होऊ नये. ११ हजार व्होल्टला माणसाने तारेस शिवावेच लागते असे नाही. फार जवळ गेले तरी वीज हवेतून उडी घेते.

ही वीज आपल्या प्रांतात नवी नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. आपल्या शेजारी तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. वीज पाण्याची असो की अणूची, ती कारखान्यात शिरते ती ब्रेकरमधूनच.

आता ब्रेकर म्हणजे काय? घरातला पंखा चालू असताना बटण बंद केले, तर अंधारात बटणाच्या आत बारीक ठिणगी दिसते. वाहत्या विजेला वाट सोडावयाची नसते. दोन धातू एकमेकांपासून दूर झाले तरी मधल्या हवेतून ती ज्वाळेसारखी वाहत राहते. पंख्याच्या बटणात ती ठिणगी आपोआप विझते. पण कारखान्यात दोन तारा एकमेकींस चिकटल्या, म्हणजे शॉर्ट सर्किट झाले, तर एरवी दोनशे अँपिअर वाहणारा प्रवाह क्षणात दहा-वीस हजार अँपिअरवर जातो. त्या वेळी साध्या स्विचने वीज तोडावयास जाल तर मधली ज्वाळा विझत नाही. ती सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक तापते, तांबे वितळवून त्याची वाफ करते आणि कपाटाचे दार उडवून बाहेर येते. ही ज्वाळा विझवून वीज तोडण्यासाठी जे यंत्र बनविले आहे ते ब्रेकर.

ते ज्वाळा विझविते कसे? आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, म्हणून सेकंदातून शंभर वेळा प्रवाह क्षणभर शून्य होतो. ब्रेकर त्या शून्याच्या क्षणाची वाट पाहतो. कॉन्टॅक्ट दूर झालेले असतात; शून्याच्या क्षणी ज्वाळा मरते; आणि दाब पुन्हा चढण्यापूर्वी मधली जागा विजेला अडविण्याइतकी स्वच्छ झाली, तर काम फत्ते. ही जागा स्वच्छ करण्यासाठी पूर्वी तेल वापरीत, काही ब्रेकरांत दाबलेली हवा वापरीत. मग सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू आला. तो विजेला उत्तम अडवितो, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापविण्यात कर्बवायूच्या सुमारे २३,५०० पट भारी पडतो; म्हणून आता त्याला जगभर निरोप देण्याची खटपट चालू आहे. आज कारखान्यांतून सर्वाधिक दिसतो तो व्हॅक्यूम ब्रेकर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया तंत्रसंस्थेत १९२६ साली निर्वातात वीज तोडण्याचे प्रयोग झाले; चांगली बाटली बनविण्याची विद्या हाती येऊन तो बाजारात स्थिरावण्यास पुढे अनेक दशके लागली. चिनी मातीच्या बंद बाटलीत दोन कॉन्टॅक्ट असतात आणि आत हवाच नसते. ११ हजार व्होल्टसाठी ते साधारण एक सेंटिमीटर दूर झाले की पुरते. असे ब्रेकर आपल्या नाशिकातही बनतात.

आता मुख्य मुद्दा. गावच्या जागल्याची परीक्षा चोर येईल त्या रात्री होते. बाकीच्या रात्री तो जागा आहे की झोपला आहे हे कोणी पाहत नाही. ब्रेकरचे तसेच आहे. पंप बिघडला तर पाणी बंद होते आणि लगेच कळते. ब्रेकर बिघडला तर काहीच होत नाही. दिवे जळतात, यंत्रे फिरतात, माल निघतो. वर्षांमागून वर्षे तो बंद स्थितीत, म्हणजे वीज चालू ठेवून उभा असतो, आणि ज्या एका क्षणी त्याने उघडावयाचे असते त्या क्षणीच तो उघडला नाही हे कळते. हा बिघाड बाहेरून दिसत नाही. तो शोधावाच लागतो, आणि शोधण्याला परीक्षा म्हणतात.

शिवाय ब्रेकर एकटा नसतो. ती एक साखळी असते. प्रवाह मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सी. टी. म्हणतात, तो रिलेला खबर देतो. रिले ठरवितो की हा प्रवाह गैर आहे. मग रिले बॅटरीची वीज ट्रिप कॉइलला सोडतो. कॉइलमधला दांडा उडून खटका सोडवितो. खटका सुटला की ताणलेली स्प्रिंग कॉन्टॅक्ट ओढून दूर करते. ह्यांतली एक कडी निखळली तरी बाकीच्या सोन्याच्या असून उपयोग नाही.

मी हा विषय शिकावयास का लागलो ते इथे सांगतो. कारखान्याचे आणि माणसाचे नाव घेत नाही. आपल्याच पट्टीतला एक तरुण ठेकेदाराकडे कंत्राटी वायरमन होता. पावसाळ्याच्या दिवसांत केबलच्या पेटीत पाल शिरली आणि शॉर्ट सर्किट झाले. रिलेने आपले काम केले. त्याची खूण पडलेली नंतर सापडली. पण ब्रेकर उघडला नाही, कारण ट्रिपची बॅटरी मेलेली होती. वीज तुटली ती मागच्या सबस्टेशनात, आणि तीही उशिराने. मधल्या वेळात पेटीतून निघालेल्या ज्वाळेने समोर उभ्या असलेल्या त्या तरुणाचे दोन्ही हात आणि तोंड भाजले. तो जगला, वायरमनचे काम त्याला पुन्हा करता आले नाही. भरपाईच्या दाव्यासाठी आम्ही कागद मागितले, तेव्हा त्या खोलीच्या भिंतीवर टांगलेला तपासणीचा तक्ता हाती आला. बारा रकाने, बारा महिने, आणि प्रत्येकात एकाच हातची एकाच शाईची नोंद होती : ‘बॅटरी – ठीक.’ अपघाताच्या महिन्याचीही. मालकाच्या वकिलाने तोच तक्ता आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, आमची चूक कोठे आहे? बॅटरी ‘ठीक’ म्हणजे किती व्होल्ट, हे आम्ही त्या दिवशी विचारू शकलो नाही, कारण ते विचारावयाचे असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी ठरविले की ‘ठीक’ ह्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाही, आकडा मागावयाचा.

तेव्हा परीक्षा कोणत्या आणि त्यांतला आकडा कोणता, ते क्रमाने पाहू.

आधी एक भेद ध्यानात घ्या. ब्रेकर खरोखरीचे शॉर्ट सर्किट तोडतो की नाही, ह्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते. त्यासाठी १९६० साली आपल्या देशात केंद्रीय विद्युत् संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे बंगळुरास असून स्विचगिअर तपासण्याचे केंद्र भोपाळला आहे. तिथे त्या जातीचा एक नमुना घेऊन त्याच्यातून हजारो अँपिअर सोडतात आणि तो तुटतो का ते पाहतात. त्याचे प्रमाणपत्र पुष्कळ मालक चौकटीत लावून ठेवतात. पण ते प्रमाणपत्र भावाचे आहे. आपल्या खोलीत उभा असलेला ब्रेकर त्याचा धाकटा भाऊ, आणि तोही पंधरा वर्षे धुळीत आणि दमट हवेत राहिलेला. कारखान्यात कोणी मुद्दाम शॉर्ट सर्किट करून पाहू शकत नाही. म्हणून जागेवरच्या साऱ्या परीक्षा आडवाटेच्या आहेत. प्रत्येक परीक्षा एकेका कडीविषयी सांगते, आणि सगळ्या मिळून आपण अंदाज बांधतो.

पहिली परीक्षा पहिल्या उघडण्याची. ही सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त चुकविली जाणारी. ब्रेकर दोन वर्षे हललेला नसेल तर खटक्यातले ग्रीस वाळून चिकट होते. अशा ब्रेकरला प्रथम उघडण्यास वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ग्रीस सैल होऊन तो झटकन् उघडतो. तपासनीस आला की मिस्त्री काय करतो? साहेबांपुढे फजिती नको म्हणून आधी चार वेळा उघडझाप करून ठेवतो. मग मोजलेला आकडा उत्तम येतो, आणि तो खोटा असतो. शॉर्ट सर्किट काही चार वेळा सराव करून येत नाही. म्हणून शटडाउनसाठी ब्रेकर उघडावयाचा त्याच वेळी ट्रिप कॉइलच्या प्रवाहाचा आलेख घ्यावा. कॉइलमध्ये प्रवाह चढतो, दांडा हलला की आलेखात लहानशी खळी पडते, पुढे सहाय्यक स्विच प्रवाह तोडतो. खळी उशिरा पडली तर दांडा अडखळतो आहे असे समजावे. सफाई आणि वंगण नंतर.

दुसरी परीक्षा वेळेची. व्हॅक्यूम ब्रेकर हुकूम मिळाल्यापासून साधारण ३० ते ६० मिलिसेकंदांत कॉन्टॅक्ट दूर करतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवण्यास ह्याहून अधिक वेळ लागतो. नेमका आकडा बनविणाऱ्याच्या पुस्तकात असतो, त्याशी ताडून पाहावयाचे. तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट एकदम उघडले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उघडताना त्यांच्यात चक्राच्या सहाव्या हिश्शाहून, म्हणजे सुमारे ३.३ मिलिसेकंदांहून, अधिक फरक नसावा. बंद होताना चक्राच्या चौथ्या हिश्शाहून, म्हणजे ५ मिलिसेकंदांहून, अधिक नसावा.

तिसरी परीक्षा कॉन्टॅक्टच्या रोधाची. बंद ब्रेकरच्या एका फेजमधून शंभर अँपिअर एकमार्गी प्रवाह सोडून किती व्होल्ट पडतात ते मोजतात. उत्तर मायक्रोओहममध्ये, म्हणजे ओहमाच्या दशलक्षांशात येते. एवढ्याशा आकड्याने काय बिघडते? हिशेब करू. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रवाह १,००० अँपिअर आणि रोध ५० मायक्रोओहम असेल तर ५० वॅट उष्णता होते. एका जुन्या दिव्याएवढी. रोध ५०० झाला तर ५०० वॅट. म्हणजे बंद कपाटात कपड्यांची इस्त्री रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे. ती उष्णता स्प्रिंग मऊ करते, रोधन जाळते, आणि त्यामुळे रोध आणखी वाढतो. इथे एका आकड्याहून दोन गोष्टी महत्त्वाच्या : तिन्ही फेजचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, आणि गेल्या खेपेहून वाढले का. म्हणून जुना कागद जपून ठेवावा.

चौथी परीक्षा रोधनाची, मेगर लावून. ११ हजारांच्या ब्रेकरला सामान्यतः ५ हजार व्होल्टचा मेगर लावतात, आणि चांगल्या कोरड्या ब्रेकरचे उत्तर हजारो मेगओहममध्ये येते. आपल्या इकडे आषाढात भिंतीला पाणी सुटते. त्या दिवसांत घेतलेला आकडा चैत्रातल्या आकड्यापेक्षा कमी येणारच. म्हणून नोंदीत तारीख, उष्णता आणि दमटपणा लिहावा. नाहीतर खरा बिघाड ‘पावसामुळे असेल’ ह्या समजुतीखाली दडून राहतो, आणि पावसाचा दोष ब्रेकरच्या माथी बसतो.

पाचवी परीक्षा व्हॅक्यूमची, आणि इथे मोठी फसगत होते. पुष्कळांना वाटते मेगरने बाटली तपासली की झाले. तसे नाही. बाटलीत हवा शिरली असली तरी एक सेंटिमीटरच्या फटीत हवाही ५ हजार व्होल्ट सहज अडविते, आणि मेगर उत्तम आकडा दाखवितो. तो ब्रेकर नुसता उभा असताना चांगलाच वाटेल. शॉर्ट सर्किट तोडावयास जाईल तेव्हा आतल्या आत पेटेल. म्हणून कॉन्टॅक्ट उघडे ठेवून बाटलीवर मोठा दाब द्यावा लागतो. १२ हजार व्होल्टच्या दर्जाचा नवा ब्रेकर एक मिनिट २८ हजार व्होल्ट सहन करावा असे मानक आहे. जागेवर त्याच्या साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे २१ हजारांच्या आसपास, किंवा बनविणारा सांगेल तितका दाब देतात. ह्या वेळी उघड्या बाटलीतून क्ष-किरण निघण्याचा संभव असतो, म्हणून बनविणाऱ्याने सांगितलेल्या अंतरापलीकडेच उभे राहावे. मदतनिसाला “जरा धरून ठेव रे” म्हणण्याची ही जागा नव्हे.

सहावी परीक्षा रिलेची. सी. टी.च्या बाजूने लहान प्रवाह सोडून रिले किती वेळात हुकूम देतो ते पाहतात. नेहमीच्या उलट्या वक्राच्या रिलेत ठरविलेल्या प्रवाहाच्या दुप्पट प्रवाह आला तर सुमारे १० सेकंद, आणि दहापट आला तर सुमारे ३ सेकंद लागतात, जर वेळेचा गुणक १ असेल तर. गुणक कमी केला की वेळ त्या प्रमाणात कमी होतो. मागचा रिले नेहमी पुढच्याहून मंद ठेवलेला असतो, म्हणजे बिघाडाच्या जवळचाच ब्रेकर आधी उघडावा आणि बाकीच्या भागाची वीज राहावी. पण ह्याचाच अर्थ असा की जवळचा उघडला नाही तर मागचा उशिरा उघडणार. ज्वाळेची शक्ती वेळेच्या पटीत वाढते. दशांश सेकंदाऐवजी एक सेकंद ती जळली तर समोरच्या माणसाला दसपट भाजते. त्या तरुणाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

सातवी परीक्षा बॅटरीची आणि कॉइलची. ११० व्होल्टच्या बॅटरीत शिसे-आम्लाचे दोन-दोन व्होल्टचे ५५ सेल ओळीने जोडलेले असतात. लहान जागी २४ किंवा ३० व्होल्टचा संच असतो. नुसता मीटर लावून व्होल्ट पाहिले तर मरायला टेकलेली बॅटरीही ताठ मानेने ११० दाखविते. भार टाकला की मान टाकते. म्हणून चार्जर बंद करून, भार देऊन, एकेक सेल मोजावा. उलट बाजूने, ट्रिप कॉइल नेमून दिलेल्या दाबाच्या ७० टक्क्यांवरही, म्हणजे ११० ऐवजी ७७ व्होल्टवरही, खटका सोडवू शकली पाहिजे. बंद करणारी कॉइल ८५ टक्क्यांवर चालली पाहिजे. हा उदारपणा मानकाने मुद्दाम ठेवला आहे, कारण संकटाच्या वेळी बॅटरी नेहमी अशक्तच असते. शेवटी रिलेच्या खऱ्या हुकमाने खरा ब्रेकर खऱ्या बॅटरीवर उघडवून पाहावा. कड्या सुट्या तपासल्या, पण साखळी ओढून पाहिली नाही, असे होऊ नये.

परीक्षा घेणाऱ्याच्या जिवाचे काय? ब्रेकर उघडला म्हणजे वीज मेली असे मानणे हा मरणाचा राजमार्ग आहे. वीज बंद करावी; ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढावी; कुलूप घालून किल्ली खिशात ठेवावी; वीज नाही हे योग्य दर्जाच्या दर्शकाने पाहावे, आणि तो दर्शक आधी व नंतर चालू विजेवर लावून तो स्वतः जिवंत आहे हेही पाहावे; मग अर्थिंग करावे; आणि लेखी परमिट हाती आल्यावरच हात घालावा. मागच्या बाजूने दुसऱ्या वाटेने किंवा जनरेटरमधून वीज उलटी येत नाही ना, हे पाहावे. स्प्रिंगचा ताण सोडवावा, कारण ताणलेली स्प्रिंग वीज नसतानाही बोट तोडते. हे सर्व करण्यास अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाया गेला असे म्हणणाऱ्या मुकादमाला आधी हात घालावयास सांगावे.

ह्या गोष्टीचा वांगणीशीही संबंध आहे, केवळ कारखान्याशी नाही. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की गावाची वीज जाते आणि आपण बोटे मोडतो. पुष्कळदा ते सबस्टेशनातल्या ब्रेकरने आपले कर्तव्य केलेले असते. पण तार तुटून कोरड्या खडकाळ जमिनीवर पडली, तर जमिनीतून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की उत्तम रिललाही तो ओळखू येत नाही. ब्रेकर शाबूत असूनही तार जिवंत राहते. म्हणून पडलेली तार मेलीच असेल असे समजून गुरे सोडवावयास जाऊ नये; दूर राहावे, इतरांना अडवावे, आणि वीज कंपनीला कळवावे. यंत्राची मर्यादा ओळखणे हाही त्याच्या परीक्षेचाच भाग आहे.

आता कायद्याविषयी थोडे. १९५६ च्या नियमांत अशा विद्युत् जोडण्यांची तपासणी पाच वर्षांच्या आत झालीच पाहिजे असे होते. २०१० साली केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले. पण सरकारी तपासणी ही किमान मर्यादा. बॅटरी पाच वर्षे वाट पाहत नाही. रोजच्या देखरेखीखेरीज वर्षातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या शॉर्ट सर्किटनंतर, ब्रेकर तपासणे हे शहाण्या मालकाचे काम आहे. मालक म्हणतो, शटडाउन घेतला तर उत्पादन बुडते. उत्तर सोपे आहे : शटडाउन होणारच आहे. तो आपण ठरविलेल्या रविवारी घ्यावयाचा की ज्वाळेने ठरविलेल्या दिवशी, एवढीच निवड आहे.

कामगार चळवळीला हा विषय परका वाटतो, पण तो नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्याच्या सुट्टीबरोबर, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, हीही मागणी होती. भरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. भरपाई मिळविणे हे आमचे काम आहेच. पण मी इतकी वर्षे दावे लढून एवढे शिकलो की भाजलेल्या हाताची रास्त किंमत कोणत्याही कोर्टात मिळत नाही. हात भाजण्यापूर्वीच पगारवाढीच्या मागणीपत्रात एक कलम ब्रेकरच्या परीक्षेचे घालावे. कायम कामगारांच्या संघटनेने कंत्राटी मदतनिसालाही त्या कलमात धरावे, कारण खोलीत प्रत्यक्ष उभा असतो तो तोच.

आणि घरच्या मंडळींनो, मुलगा सणाला गावी आला की त्याला विचारा. तुमच्या खोलीतल्या ब्रेकरची शेवटची परीक्षा केव्हा झाली? बॅटरी भाराखाली मोजली का? पहिल्या उघडण्याचा आलेख घेतला का? आकड्यांचा कागद कोठे आहे? तो वाचण्यास तुला मिळतो का? परमिट लेखी असते की तोंडी? उत्तर ‘सगळे ठीक आहे’ असे आले, तर समजा की परीक्षा झालेली नाही. त्याला सांगा, पुढच्या खेपेस आकडा घेऊन ये.